काटकसर कोणाच्या ताटातून?

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यातील भाषण)



काटकसर हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. ज्या प्रदेशाचा फार मोठा भाग पावसाच्या लहरीवर अवलंबून राहिला, तेथे धान्याचा दाणा, लाकडाची ढलपी आणि पाण्याची घागर जपून वापरण्याची शिकवण लहानपणापासूनच मिळत आली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, थेंबे थेंबे तळे साचे, या म्हणी म्हणजे आपल्या घरगुती अर्थशास्त्राची सूत्रेच होत. १९७२ च्या दुष्काळात ज्या पिढीने मिलोची लाल भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन दिवस काढले, त्या पिढीला अन्न वाया घालवू नका, असा उपदेश करण्याची कधी आवश्यकताच भासली नाही.

तथापि काटकसर आणि चिक्कूपणा यांत अंतर आहे. चिक्कू माणूस पैसा राखतो आणि माणसांना झिजवतो. काटकसरी माणूस वस्तू पुरवून वापरतो आणि माणसे राखतो. हा भेद ऐकण्यास सोपा, परंतु घरात पाळण्यास कठीण आहे. कारण घरखर्चाला लावलेली कात्री नेमकी कोठे चालते, हे पुष्कळदा घरातील कोणाच्याच ध्यानात येत नाही. आजच्या विषयाचा गाभा हाच आहे.

महिनाअखेरचे घर

एक साधे घर डोळ्यांपुढे आणावे. घरधनी तालुक्याच्या गावी एका दुकानात नोकरीस आहेत. घरात वृद्ध आई, शाळेत जाणारी दोन मुले आणि गृहिणी. महिन्याची पंचवीस तारीख उलटली आहे. तुरीच्या डाळीचा डबा तळाला गेला आहे. गॅसची टाकी केव्हा संपेल याचा नेम नाही. रतीबाचे दूध एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर आले आहे. आजींना रात्रीच्या औषधानंतर दूध हवे, मुलांना सकाळी हवे, यजमानांना दोन वेळचा चहा हवा. मग दूध कमी झाले ते कोणाचे, हा प्रश्न घरात कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर न सांगताच ठरलेले असते.

रात्री सर्वांची जेवणे आटोपतात. ओटा आवरून गृहिणी शेवटी पानावर बसते. पातेल्यात भाजीचा थोडा रस्सा उरलेला असतो, वरण संपलेले असते, सकाळची एक भाकरी शिल्लक असते. ती भाकरी लोणच्याच्या खाराशी खाऊन ती उठते. दुसऱ्या दिवशी शेजारणी म्हणतात, "वहिनी घर किती टुकीने चालवतात!" हे कौतुक खरे आहे आणि ते तिने कमावलेलेही आहे. परंतु या टुकीची किंमत कोणी मोजली, हे त्या कौतुकात कोठेच येत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया या व्याधीने ग्रस्त आढळल्या. मासिक पाळी, पाठोपाठची बाळंतपणे, जंत ही त्याची कारणे आहेतच. परंतु सर्वांच्या शेवटी वाढले जाणारे ताट हेही त्यांपैकी एक कारण आहे. जी काटकसर एका माणसाच्या रक्तातून होते तिला बचत म्हणता येणार नाही. ते कर्जच होय. थकवा, आजारपण आणि कमी वजनाचे मूल या रूपांनी ते पुढे व्याजासह फेडावे लागते.

म्हणून काटकसरीच्या प्रत्येक युक्तीला एकच कसोटी लावावी. या युक्तीने कोणाचे ताट रिकामे होते काय? कोणाचे कष्ट वाढतात काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ती युक्ती खुशाल घरात आणावी. अशा युक्त्या थोड्या नाहीत.

चुलीपाशी

इंधनाची बचत ही सर्वांत सोपी व निर्दोष बचत होय. पाणी उकळू लागल्यावर ज्योत कितीही मोठी ठेवली, तरी उघड्या भांड्यातील पाण्याची उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही. जादा ज्योतीने पाणी केवळ वाफ होऊन उडून जाते. म्हणून उकळी येताच आच मंद करावी आणि भांड्यावर झाकण ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे आतील उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत चढते; त्यामुळे डाळ, तांदूळ व बटाटे एकाच वेळी, एकाच आचेवर आणि थोड्या अवधीत शिजतात. हरभरा, राजमा, वाटाणा रात्री भिजत घालावा, तूरडाळ तासभर भिजवावी. शिजण्याचा वेळ त्याने निश्चित कमी होतो.

गृहविज्ञानाच्या वर्गातून पूर्वी गवताच्या पेटीचे प्रात्यक्षिक करून दाखवीत असत. खोक्यात गवत किंवा जुन्या चिंध्या दाबून भरावयाच्या, मध्ये खळगा करावयाचा, भात अथवा डाळ दहा मिनिटे उकळली की भांडे झाकणासह त्या खळग्यात ठेवून वरून जाड गोधडी घालावयाची. आतल्या उष्णतेवरच अन्न शिजत राहते. ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. अशा लहानसहान सवयींनी ३० दिवस पुरणारी १४.२ किलोची टाकी ३६ दिवस पुरू लागली, तर वर्षाकाठी दोन टाक्यांची बचत होते. त्यासाठी कोणाचाही घास कमी करावा लागत नाही.

ताटात काय असावे

अन्नावरील खर्च कमी करणे म्हणजे अन्न कमी करणे नव्हे. स्वस्त आणि सकस यांचे वैर नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर मटकीची उसळ, कुळथाचे पिठले किंवा हरभऱ्याची आमटी घेतली, तर धान्यातील प्रथिनांची उणीव कडधान्ये भरून काढतात. नाचणीइतका चुना क्वचितच दुसऱ्या धान्यात सापडतो. शेंगदाणे, तीळ, जवस आणि कारळे यांच्या चटण्या केवळ तोंडीलावणे नव्हेत. कष्टाच्या शरीराला लागणारी स्निग्धता व प्रथिने त्यांत असतात. परसातला शेवगा पाला व शेंगा दोन्ही देतो. तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, चाकवत या भाज्या बाजारात मानाच्या नसतील. पोषणात मात्र त्या कोणाला हार जाणाऱ्या नाहीत.

पालेभाजी आधी धुवावी व मग चिरावी. चिरून धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. ती लोखंडी कढईत करावी आणि वाढताना लिंबाची फोड द्यावी. आंबट फळांतील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेण्याने याच्या उलट घडते, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे. या सूचनांना पैसा लागत नाही.

टाकाऊतून टिकाऊ करण्याची विद्या तर आपल्या स्वयंपाकघरात परंपरेनेच आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, उरलेल्या वरणात सोडलेली वरणफळे, शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गुळातुपाचा लाडू, सायीचे लोणी, लोण्याचे तूप आणि तुपाची बेरीसुद्धा! परंतु येथेही दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, शिजलेला भात उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नये; आंबूस वास येणारे अन्न चार रुपयांच्या लोभाने कोणीही खाऊ नये. औषधाचा खर्च अन्नाच्या किमतीहून अधिक होतो. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे. शिळे संपवणे हे एकट्या गृहिणीचे काम नव्हे. फोडणीची पोळी झाली, तर ती सर्वांच्या ताटात थोडी थोडी वाढावी. ताजी पोळीही तशीच सर्वांना मिळावी.

बेगमी, पाणी आणि वीज

सुगीच्या दिवसांत वर्षाचे किंवा निदान सहा महिन्यांचे धान्य भरून ठेवण्याची रीत शहाणपणाची आहे. मात्र धान्य चांगले वाळलेले हवे. दाणा दाताखाली कट्कन तुटला म्हणजे तो साठवणुकीस योग्य झाला, ही शेतकऱ्याची जुनी परीक्षा आजही खरी ठरते. पोती भिंतीला न टेकवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. डाळीला एरंडेलाचा हात पुसल्यास, धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातल्यास किडीला आळा बसतो. ज्यांना एकरकमी खरेदी परवडत नाही त्यांनी चार घरे मिळून पोते घ्यावे. बंद पुड्यांतील माल घेताना पुड्याची किंमत न पाहता दर किलोला काय पडते, याचा हिशेब करावा. मोठा पुडा नेहमी स्वस्त असतोच असे नाही.

गळक्या नळाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसभरात ८६,४०० थेंब म्हणजे सुमारे चार लिटर पाणी जाते. महिन्यात ते सव्वाशे लिटरांवर भरते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एका वायसरअभावी एवढे पाणी मातीत जावे, हे योग्य नाही. विजेचेही तसेच आहे. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही घेत नाही.

कष्टांचाही हिशेब हवा

घरखर्चाच्या वहीत जी गोष्ट कधीच लिहिली जात नाही, ती म्हणजे गृहिणीचा वेळ. २०१९ साली केंद्र शासनाने केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे दिसून आले की, बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. पाच तास आणि दीड तास असे हे प्रमाण आहे. शिवाय पुष्कळ पुरुष अशी कामे मुळी करीतच नाहीत, ही गोष्ट निराळी.

चार रुपये वाचवण्यासाठी गृहिणीने दोन तास अधिक राबावे, अशी योजना घरात कोणी मांडली, तर ती बचत आहे की नाही, याचा विचार व्हावा. पापड, कुरडया, शेवया घरी करणे आनंदाचे आहे, पण ते चार हातांचे काम आहे. उन्हाळी वाळवणात मुलांनी चीक हलवावा, पुरुषांनी खाटा उचलाव्यात, आजींनी राखण करावी. मग त्या कुरडईची खरी काटकसर होते. मिक्सर किंवा कपडे धुण्याचे यंत्र हप्त्यावर घ्यावे की नाही, याचा निर्णय करतानाही त्यामुळे वाचणारा वेळ जमेच्या बाजूस लिहिला पाहिजे.

घरात केलेल्या कामाला पैशाचे मोल असते, हे महाराष्ट्रातील स्त्रियांनी स्वतः सिद्ध करून दाखविले आहे. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाचा उद्योग उभा राहिला. जे काम घरात फुकटचे मानले जात होते, त्यालाच तेथे मजुरी व मालकी मिळाली.

पैसा कोठे ठेवावा, कोठून आणावा

डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत चार नोटा दडवून ठेवण्याची सवय घरोघरी आहे. अडीनडीला तोच पैसा उपयोगी पडतो, हे खरे. परंतु ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्या, तेव्हा हे दडवलेले पैसे घरातील सर्वांसमोर काढावे लागले आणि अनेकींना आपल्या कष्टाच्या बचतीचा जणू जाब द्यावा लागला. गृहिणीचे स्वतःच्या नावाचे खाते असणे ही म्हणूनच चैन नव्हे. डाकघर बचत बँक आपल्या देशात १८८२ पासून चालू आहे. रोजचे २० रुपये बाजूला पडले, तर महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,२०० होतात. आवर्ती ठेवीत त्यावर व्याज निराळे.

कर्जाच्या बाबतीत आकडे मोडून पाहण्याची सवय लावली पाहिजे. सावकार शेकडा तीन म्हणतो तेव्हा तो महिन्याचा दर सांगतो; वर्षाला ते ३६ टक्के होतात. १०,००० रुपयांवर ३,६०० रुपये केवळ व्याज! हीच रक्कम १२ टक्क्यांनी मिळाली, तर व्याज १,२०० रुपये पडते. १९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तो याच कारणासाठी. गटात टाकलेले महिन्याचे शंभर रुपये लहान दिसतात. परंतु सावकाराच्या ओट्यावर जाण्याची वेळ त्यामुळे टळते.

सर्वांत मोठे कर्ज मात्र बहुधा स्वयंपाकघरातून निघत नाही. ते निघते मांडवातून. वर्षभर फोडणीत तेल जपून घालणाऱ्या घरात एका दिवसाच्या वरातीसाठी शेत गहाण पडते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासूनच पुरोहिताविना, अल्प खर्चाच्या विवाहाचा मार्ग दाखविला होता. संत गाडगेबाबांनी गावोगाव खराटा हाती घेऊन कीर्तनांतून हेच सांगितले की, कर्ज काढून सण व लग्ने साजरी करू नका आणि वाचेल तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. चहाच्या साखरेत कपात सुचवण्यापूर्वी घरातील कर्त्या पुरुषांनी या मोठ्या खर्चाचा विचार करणे अगत्याचे आहे.

घराबाहेरचा हातभार

महागाईशी प्रत्येक घराने एकेकट्याने झुंजावे, असे महाराष्ट्राने कधी मानले नाही. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. घराच्या भाववाढीचा प्रश्न हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी दाखवून दिले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारी-शेजारी मिळून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करण्याची पद्धत रूढ केली. त्याच वर्षी शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना केली.

आपल्यासारख्या कार्यकर्त्यांवर यात विशेष जबाबदारी आहे. शिक्षकांनी गणिताच्या तासाला काल्पनिक व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्याबरोबरच एका घराच्या महिन्याच्या खर्चाचे उदाहरण द्यावे. विजेचे बिल, दुधाचा रतीब, सावकाराचे व्याज हे मुलांनी स्वतः मोजावे, आणि मुलग्यांनीही मोजावे. ग्रामपंचायत सदस्यांनी गळक्या जलवाहिनीची दुरुस्ती हा बचतीचाच कार्यक्रम समजावा. कारण नळ आटला की पहिली घागर बाईच्याच डोक्यावर चढते. ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिला सभेत पाणी, रेशन आणि आरोग्य उपकेंद्रातील लोहाच्या गोळ्या यांचा आढावा घेतला जावा. स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरला १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे, गरोदरपणी ते ११ च्या खाली जाऊ नये, हे आकडे गावातील प्रत्येक घराला गॅसच्या भावाइतके पाठ असावेत. २०११ पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांकडे आल्या आहेत. घरखर्च कोळून प्यालेल्या या सदस्या ग्रामनिधीचा हिशेबही तितक्याच नेटकेपणाने तपासू शकतील.

समारोप

आरंभी पाहिलेल्या त्या घराकडे पुन्हा वळू. महिन्याची पंचवीस तारीखच आहे. पगार वाढलेला नाही, दूधही अर्धा लिटरच आहे. परंतु यजमानांनी खर्चाची वही सर्वांसमोर उघडली आहे. एक चहा त्यांनी आपणहून सोडला आहे. मुलाने गळक्या नळाला वायसर बसवला आहे, मुलीने दिवे मालवण्याचे काम अंगावर घेतले आहे. रात्री पाचही ताटे एकदम मांडली जातात. पातेल्यातील भाजी आधी पाच वाटण्यांत घातली जाते आणि मगच पहिला घास घेतला जातो. वाटी प्रत्येकाची थोडी उणीच भरते. पण आता ती कोणा एकाचीच रिकामी राहत नाही.

घराघरांतून एवढा पालट घडविण्यास कोणतीही योजना मंजूर व्हावी लागत नाही, की अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. आज येथून घरी गेल्यावर प्रत्येकाने जेवावयास बसण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहावे आणि शेवटच्या ताटात काय उरले आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आपल्या घरच्या काटकसरीचा खरा ताळेबंद तेथेच मिळेल.